खोटं बोलायला जागा किती, ते आधी सांगा

प्रश्न असा आहे: ‘अ’ 75 टक्के वेळा खरं बोलतो, ‘ब’ 80 टक्के वेळा. दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलण्याची संभाव्यता 35 टक्के कशी येते? दोघं एकच सांगत असतील तर विश्वास किती ठेवायचा? आणि अशी गणितं झटपट सोडवायची ट्रिक कोणती?

पहिलं सोपं आहे. एक खरं, दुसरा खोटं: 0.75 × 0.20 + 0.25 × 0.80 = 0.35. झालं.

दुसऱ्यासाठी मात्र बसून लिहावं लागेल, कारण ह्याच जातीच्या गणितात मला बारावीला शून्य मिळालं होतं.

लातूरला क्लासच्या टेस्टमध्ये आलं होतं: एक माणूस चारपैकी तीन वेळा खरं बोलतो. तो फासा टाकतो आणि ‘सहा पडला’ म्हणतो. खरंच सहा पडला असण्याची संभाव्यता किती? छापील उत्तर 3/8. मी 3/4 लिहिलं. सरांनी सगळं उत्तर खोडलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, “सगळी पुस्तकं चुकली आणि तू बरोबर?” वर्ग हसला. माझा हिशोब तसाच वहीत राहिला.

तो हिशोब हा. फासा 24 वेळा टाकला असं धरा. चार वेळा सहा पडेल, त्यातल्या तीन वेळा तो ‘सहा’ म्हणेल. उरलेल्या 20 वेळांपैकी पाच वेळा तो खोटं बोलेल. आता ह्या पाच वेळा तो काय म्हणेल? पुस्तक गृहीत धरतं की पाचही वेळा ‘सहा’च म्हणेल. म्हणून 3 भागिले 8. पण दोन पडले असताना खोटं बोलायचं तर एक, तीन, चार, पाच, सहा असे पाच आकडे मोकळे आहेत! ते सारख्याच शक्यतेने निवडले, तर ह्या पाच वेळांपैकी एकदाच ‘सहा’ येईल. 3 भागिले 4.

3/8 कधी बरोबर? त्याला ‘सहा पडला का?’ एवढंच विचारलं आणि त्याने हो किंवा नाही म्हणायचं असेल, तेव्हा. प्रश्नात तसं लिहिलेलं नसतं.

पुढे बी.एस्सी.ला कळलं की फ्रेंच गणिती लाप्लासने 1814 सालीच हे दोन प्रकार वेगळे केले होते. दहापैकी नऊ वेळा खरं बोलणारा साक्षीदार आहे. 1000 आकड्यांतून एक काढला आणि तो म्हणाला ‘79 आला’, तर ते खरं असण्याची संभाव्यता 9/10. पण 999 काळे चेंडू आणि एकच पांढरा असताना तो म्हणाला ‘पांढरा आला’, तर फक्त 9/1008. माणूस तोच. दुसरीकडे खोटं बोलायला एकच शब्द उरतो, आणि ती संधी 999 वेळा येते. त्या दिवशी मी लायब्ररीत बराच वेळ नुसती बसून होते.

तेव्हा तुमचं उत्तर: ‘अ’ आणि ‘ब’ यांनी हो-नाहीतच बोलायचं असेल, तर ते जुळतात तेव्हा खरं असण्याची संभाव्यता 0.60 (दोघं खरं: 0.75 × 0.80) भागिले 0.65 (दोघं जुळतात: 1 − 0.35), म्हणजे 12/13. पण दोघांनी न ठरवता फाशावर ‘सहा’ सांगितला, आणि खोटं सगळ्या आकड्यांवर सारखं वाटलेलं असेल, तर दोघं खोटं बोलले तरी (0.05) पाचपैकी एकदाच त्यांचा आकडा जुळेल: 0.60 भागिले 0.61, म्हणजे 60/61.

ट्रिक मला माहीत नाही आणि मी मुलांना शिकवतही नाही. परीक्षेत 3/8 असलेला पर्याय दिसला तर तोच निवडा, मार्क घालवू नका. लेखी पेपर असेल तर वर एक ओळ लिहा: ‘खोटं बोलताना तो सहाच म्हणतो असं मानले.’ आता मी स्वतः बारावीला शिकवते. ही ओळ लिहून जो 3/8 काढेल त्याला पूर्ण मार्क, आणि आपलं गृहीतक सांगून 3/4 काढेल त्यालाही पूर्ण.

एक सांगायचं राहिलं. वरचे गुणाकार दोघं स्वतंत्र असतील तरच चालतात. ‘अ’ आणि ‘ब’ सख्खे भाऊ असतील आणि घरून ठरवून आले असतील, तर 12/13 विसरा, दोघांची मिळून एकच साक्ष धरा. शिवाय माणूस प्रत्येक बाबतीत सारखंच खरं बोलतो, हेही आपण धरूनच चाललो आहोत.

माझी ती वही अजून आहे. सरांनी तो 24 वेळांचा हिशोब एकदा वाचायला हवा होता.