चीनमधल्या शेन्झेन शेअर बाजाराच्या टॉवरला कमरेशी अडकवलेला तो भाग खाली का येत नाही? आणि एवढा खटाटोप कशासाठी?

तुम्ही विचारताय ती इमारत वास्तुरचनाकार रेम कूलहास यांच्या ओएमए या संस्थेची, २०१३ साली पूर्ण झालेली. एरवी उंच इमारतीचं पोडियम, म्हणजे तळाचा रुंद भाग, जमिनीवर बसतं. इथे ते तीन मजली पोडियम ३६ मीटर वर उचललंय आणि टॉवरच्या बाहेर ते एका दिशेला ३६ मीटर, दुसऱ्या दिशेला २२ मीटर झेपावतं. कोपऱ्यांत एकही खांब नाही.

मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आहे, म्हणून आधी घरच्या छज्ज्याकडे बघू. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, कारण ताण वर येतो. स्लॅब भरताना ती पायाखाली दबून खाली गेली, की सेंटरिंग (खालचा तात्पुरता आधार) काढल्यावर छज्जा भिंतीपाशी चिरतो. तत्त्व शेन्झेनलाही तेच. पण लांबी दुप्पट केली की मुळाशी येणारा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, चौपट होतो आणि बीमची जाडी-रुंदी तीच ठेवली तर टोकाचं झुकणं सोळापट. ३६ मीटरला साध्या बीमचं कामच नाही.

म्हणून तिथे पोडियमच्या पूर्ण उंचीचे स्टील ट्रस (त्रिकोणी जाळीचे सांगाडे) आहेत, दोन्ही दिशांना एकमेकांत गुंफलेले. म्हणजे ते तीन मजलेच बीम आहेत! वरचा पट्टा ताणात, खालचा दाबात. समोरासमोरच्या बाजू सारख्याच बाहेर आल्याने स्थिर वजनाचा तोल बराचसा आपसात सुटतो. सगळं वजन शेवटी टॉवरचे आणि एट्रियमचे (आतल्या उंच मोकळ्या दालनांचे) खांबच घेतात. वारा आणि भूकंप मात्र वेगळे तपासावे लागतात, त्यातून हा वादळांचा किनारा.

कशासाठी? खाली मोकळं प्रांगण मिळालं, छतावर बाग झाली आणि मजल्यामागे सुमारे १५,००० चौरस मीटर सलग जागा. शिवाय बाजार सगळ्या शहराला दिसावा हा हेतू. गंमत म्हणजे तिथे ओरडून सौदे करणारं कुणीच नाही. आपल्या दलाल स्ट्रीटवरही १९९५ मध्ये बोल्ट ही संगणकी सौद्यांची यंत्रणा आल्यावर रिंग, म्हणजे ओरडून सौदे करायची जागा, संपलीच. शेन्झेनच्या त्या मजल्यांवर लिस्टिंगचे (नवी कंपनी बाजारात दाखल होण्याचे) समारंभ होतात आणि बाजाराची कार्यालयं आहेत.

एवढ्यासाठी इतकं स्टील? दिसायला जबरदस्त आहे, पण क्लायंट हे चित्र घेऊन माझ्याकडे आला असता तर कोपऱ्यांत चार कॉलम द्या म्हणून मी आधी भांडलो असतो.