देणगी देण्याआधी स्वयंपाकीणबाईंचा पगार विचार

प्रिय लेकरा,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या पगारातले पंधरा हजार एखाद्या चांगल्या कामाला द्यायचं तू ठरवलंस, आणि नेमकं तेव्हाच अमेरिकेतल्या मोठ्या सेवाभावी संस्थांच्या प्रमुखांचे पगार वाचून तुझं मन विटलं. ‘माझ्या पैशातून कुणाचा बंगला का व्हावा?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. तीस वर्षं लातूर-बीडकडच्या लहानमोठ्या संस्थांचे हिशेब मी पाहिले, एका वसतिगृहाचा खजिनदारही होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी माझी चूक सांगतो. ते वसतिगृह ऊसतोड कामगारांच्या मुलांचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, ते उन्हाळा लागेपर्यंत. तोवर मुलं आमच्याकडे. व्यवस्थापकाला आम्ही महिना नऊ हजार देत होतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगत होतो की, आमच्याकडे प्रशासनावर जवळजवळ खर्चच नाही. तीन वर्षांत चार व्यवस्थापक बदलले. मनापासून काम करणारी पोरं होती सगळी, पण घर तर चालायला हवं. एकाला पतसंस्थेत चौदा हजार मिळाले, तो गेला. २०२१ पासून आयकर खात्यानं जुन्या संस्थांनाही नव्यानं नोंदणी करायला लावली, तेव्हा आमची ती खुर्ची रिकामी होती. मुदत पुन्हा पुन्हा वाढली, तरी आमचा अर्ज राहिला. देणगीदारांना देणगीवर करात वजावट मिळवून देणारी ८०जीची सवलत गेली, तिच्याबरोबर दोन मोठे देणगीदारही गेले.

पैशाचं नुकसान भरून निघालं. आठवीतली एक मुलगी मात्र त्याच हंगामात धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून आईबापामागं उसाच्या फडावर गेली. फडापर्यंत जाऊन तिच्या आईबापाशी बोलणारं माणूस आमच्याकडे नव्हतं. ती परत शाळेत आली नाही. पगार नऊ हजारच ठेवायचा, हा आग्रह माझा होता. आज वाटतं, त्या जागेला वीस हजार द्यायला हवे होते.

खरं तर हे मला किल्लारीतच कळायला हवं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेतली गावंच्या गावं गेली. त्यानंतर आठवडाभरात मदतीचे ट्रक आले आणि औशाच्या बाजूला जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले मी पाहिले. देणारे हात पुष्कळ होते. कमी पडत होता तो कुठल्या शेडमध्ये कोण आहे, कुणाला औषध हवं, कुणाला पत्रा हवा, याची यादी रोज नीट करणारा माणूस. असं काम हौसेनं आठ दिवस होतं. आठ महिने करायचं तर पगार लागतो.

आता दुसरी बाजू, कारण तुझा संशय मला पुसून टाकायचा नाही. आपल्याकडे पैसा पगाराच्या ओळीतून फार क्वचित गळतो. मी असेही हिशेब पाहिले की अध्यक्ष ‘मानद’, मानधन शून्य; पण इमारत त्यांच्या मेहुण्याची, तिचं भाडं गावातल्या भाड्याच्या तिप्पट, आणि किराणा पुतण्याच्या दुकानातून. भाषणात मात्र ‘मी संस्थेचा चहासुद्धा घेत नाही’. म्हणून शून्य पगार पाहून हुरळून जाऊ नकोस. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला कामाच्या मानानं वाजवीपेक्षा जास्त दिलं, तर आयकर कायद्यात संस्थेची तेवढ्या रकमेवरची करसूट धोक्यात येते. विश्वस्तानं पगार घेऊच नये, असं मात्र तो कायदा म्हणत नाही.

महाराष्ट्रातली धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते आणि लेखापरीक्षण केलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात जातात. त्यात अनुसूची ९ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. ते माग. आस्थापना खर्च (म्हणजे संस्था चालवण्याचा खर्च), विश्वस्तांचं मानधन आणि संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च, असे वेगळे रकाने त्यात असतात. लगेच टक्केवारी काढत बसू नकोस. शिक्षिकेचा पगार एक संस्था आस्थापनेत टाकते, दुसरी उद्दिष्टात, आणि त्यावरून एक उधळी दिसते, दुसरी काटकसरी. परदेशी निधी घेणाऱ्यांना २०२० पासून त्या पैशातला २० टक्क्यांहून जास्त भाग प्रशासनावर खर्चता येत नाही (आधी ५० टक्के चालत). पण त्या नियमांतही दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आणि शाळेतल्या शिक्षकांचा पगार प्रशासनात धरत नाहीत. उद्दिष्टात मोठी रक्कम असेल तर ती कशावर गेली, भाडं कुणाला दिलं, हे सरळ विचार. कागद दाखवायला कुणी आढेवेढे घेतले, तर मी तिथं एक रुपयाही देत नाही.

अमेरिकेत हे आकडे तुला वाचता आले, कारण तिथं बहुतेक मोठ्या संस्थांना ‘फॉर्म ९९०’ मध्ये प्रमुखांचे पगार लिहावे लागतात आणि तो सगळ्यांसाठी खुला असतो. ‘युनायटेड वे ऑफ अमेरिका’ या तिथल्या मोठ्या सेवाभावी संस्थेचे प्रमुख विल्यम अ‍ॅरामनी यांना १९९२ साली पायउतार व्हावं लागलं. पगार मोठा होताच, पण १९९५ साली न्यायालयानं त्यांना दोषी धरलं ते संस्थेच्या पैशाच्या फसवणुकीबद्दल. मोठा पगार आणि चोरी या दोन गोष्टी तू एकाच पोत्यात भरू नयेस, म्हणून हे लिहिलं.

मग पगार किती असावा? माझं माप साधं आहे. तेवढ्याच जबाबदारीचं काम त्याच तालुक्यात दुसरीकडे केलं तर त्या माणसाला काय मिळेल, हे बघ. तो पगार कुणी ठरवला, ठराव कुठं आहे, आणि ठरवताना तो स्वतः बैठकीत होता का, हे विचार. आणि स्वयंपाकीणबाईंना काय मिळतं, हेही विचार. हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. प्रमुखाला लाख आणि पहाटे चारला उठून शंभर मुलांच्या भाकरी थापणाऱ्या बाईला पाच हजार, अशी संस्था कितीही नावाजलेली असो, माझा हात खिशाकडे जात नाही.

आणि हो, रोख देऊ नकोस. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर कराची वजावट मिळत नाही. संस्थेच्या खात्यात भर आणि पावती घे.

दिवाळीला येशील तेव्हा एक दिवस राखून ठेव. आमच्या वसतिगृहात मुलं येऊ लागलेली असतील. मागच्या तीन वर्षांची पत्रकं मी काढून ठेवतो. नव्या व्यवस्थापक बाई तिसऱ्या वर्षीही टिकून आहेत. त्यांचा पगार किती, ते त्यांनाच विचार, त्या सांगतात.

तुझा,
काका