वाचकांचे प्रश्न : ओढाच आटतो, मग किड्यांवरून काय कळणार?

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले असून सातपुड्यातील ओढ्यांचे कीटकवैविध्य आणि त्यावरील मानवी परिणाम या विषयावर पीएच.डी. करू इच्छितो. आमच्याकडचे बरेच नाले उन्हाळ्यात आटतातच. मग किडे कमी झाले ते माणसामुळे की ऋतूमुळे, हे कसे ठरवावे? त्यापेक्षा प्रयोगशाळेत पाणी तपासणे सोपे नाही का? – एक वाचक, यावल तालुका

उत्तर : रासायनिक तपासणी हवीच, परंतु बाटली भरली त्या घटकेला पाणी कसे होते, एवढेच ती सांगते. केळीच्या बागेतून रात्री वाहून आलेले फवारणीचे औषध सकाळपर्यंत पुढे निघून गेलेले असते. कीटकांची पिल्ले मात्र आठवडेच्या आठवडे त्याच दगडांत राहतात आणि मधल्या काळात जे घडले ते सोसतात. वाहत्या पाण्यातला एखादा दगड अलगद उलटून पाहा. त्याला चिकटलेली, पोटाच्या दोन्ही कडांचे पानासारखे कल्ले हलवणारी, बहुधा तीन शेपट्यांची पिल्ले मे-फ्लायची असतात. शेजारी वाळूचे कण रेशमी धाग्याने जोडून बांधलेली इवलीशी नळी दिसली, तर आत कॅडिसफ्लायची अळी असते. यांतील बहुतेक जातींना प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. याउलट सांडपाण्याच्या गाळात कायरोनोमिड माश्यांच्या लालभडक अळ्या माजतात, कारण हिमोग्लोबिनमुळे कमी प्राणवायूतही त्यांचे भागते.

आटण्याविषयीची आपली शंका अगदी रास्त आहे, आणि संशोधनाचा आराखडा तिच्यावरच उभा राहायला हवा. सातपुडा उतरताच दगडगोट्यांच्या पट्ट्यात पाणी जमिनीत झिरपते, त्यामुळे माणसाचा हात लागला नसता तरी पायथ्याखालचा ओढा डोंगरातल्या ओढ्याआधी कोरडा पडला असता. त्यात विहिरी आणि कूपनलिकांच्या उपशाची भर पडते. म्हणून डोंगरातले ठिकाण आणि गावाखालचे ठिकाण यांची थेट तुलना करून फरकाचे खापर शेतीवर फोडणे मला मान्य नाही. त्याऐवजी धुणे धुण्याची जागा किंवा वाळूउपसा अशा एकेका कारणाच्या लगेच वर आणि लगेच खाली, एकाच दिवशी, सारखी खोली आणि सारखे दगडगोटे असलेल्या खळाळातून नमुने घ्यावेत. जोडीला सारख्याच उंचीवरचे दोन ओढे निवडावेत : एक जंगलातून वाहणारा, दुसरा शेतांच्या कडेने जाणारा.

पावसाळी लोंढ्यात पिल्ले वाहून जातात, म्हणून मुख्य नमुने हिवाळ्यात घ्यावेत. पाऊस दरवर्षी सारखा नसल्याने किमान दोन हिवाळे हाती हवेत. प्रत्येक ठिकाणी पाणी वाहायचे कोणत्या तारखेला थांबले आणि शेवटचा डोह कधी आटला, हेही वहीत लिहीत जा. ही नोंद मला जातींच्या यादीइतकीच मोलाची वाटते, कारण तिच्यावाचून ऋतूचा वाटा वेगळा काढता येणार नाही.

जंगलातील ठिकाण यावल अभयारण्यात येत असल्यास वनविभागाची लेखी परवानगी हाती आल्यावरच तिथे जाळी टाकावी.