फाटतो तो फेल्डस्पार, फुटते ती गारगोटी

पाटण तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: खनिजांच्या पुस्तकात फेल्डस्पारपुढे 'पाटन : दोन दिशांना, उत्तम' असं छापलंय, त्याचा आमच्या पाटणशी काही संबंध आहे का? आणि फेल्डस्पारला सरळ गारगोटी म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही. साताऱ्या-सांगलीकडे विहीर खणताना पांढरं, चकचकीत काहीही वर आलं की 'गारगोटी लागली'! काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून निघणारे ते खडे पुष्कळदा झिओलाइट नावाच्या वेगळ्याच खनिजांचे असतात, कधी कॅल्सेडनीचे, म्हणजे क्वार्ट्झच्याच अतिबारीक कणांच्या प्रकाराचे. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. शंका असेल तर घासून बघा. क्वार्ट्झची कठिनता 7, फेल्डस्पारची 6. गारगोटीचा ओरखडा फेल्डस्पारवर उठतो, उलटं होत नाही.

आणि फेल्डस्पार शोधायला विहिरीत उतरायची गरज नाही, तो काळ्या दगडाच्या अंगातच असतो. रस्त्याकडेच्या ढिगातला ताजा फुटलेला खडीचा तुकडा उचला, उन्हात धरून हळूहळू फिरवा. एका कोनात बारीक पट्टी लख्खकन चमकते, किंचित फिरवलात की विझते. ती पट्टी म्हणजे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, आणि तिचा सपाट चेहरा म्हणजे पाटन.

संस्कृतात पाटयति म्हणजे चिरतो, फाडतो. त्याचं नाम पाटन. ठरावीक सपाट पातळीवर सुटं होण्याचा गुण. ऑर्थोक्लेजमध्ये अशा दोन पातळ्या एकमेकींशी 90 अंशांत असतात, प्लॅजिओक्लेजमध्ये साधारण 86. नावंही त्यावरूनच पडली: ग्रीकमध्ये ऑर्थोस म्हणजे सरळ, प्लॅजिओस म्हणजे तिरकं, क्लासिस म्हणजे मोडणं. ऑर्थोक्लेज पोटॅशियमवाला, ग्रॅनाइटात रमणारा. प्लॅजिओक्लेजमध्ये सोडियम आणि कॅल्शियम कमीजास्त. अल्बाइट, लॅब्राडोराइट, अ‍ॅनॉर्थाइट ही सगळी त्याचीच भावकी.

गावाच्या नावाशी याचा काडीचा संबंध नाही. 'इथला दगड सहज चिरतो म्हणून पाटण' हे मी एका स्मरणिकेत वाचलंय आणि एका सभेत ऐकलंय. दोन्हीकडे टाळ्या पडल्या असणार. गावाचं पाटण पत्तनावरून आलं. पत्तन म्हणजे नगर, प्राकृतात पट्टण, मराठीत पाटण. गुजरातचं पाटणही तेच. (पैठणला यात ओढू नका, ते प्रतिष्ठान.) शिवाय न-ण बघा. प्राकृत बोलणाऱ्यांनी 'न'चा 'ण' सर्रास केला, म्हणून गावाला ण. खनिजाचं पाटन मात्र पंडितांनी थेट संस्कृतातून उचललेलं. तिथे 'न'चा 'ण' व्हायला आधी ऋ, र किंवा ष लागतो, आणि 'पाट'मध्ये यातलं काहीच नाही. तेव्हा 'फेल्डस्पारचे पाटण' लिहिणाऱ्यांनी तालुका आणि खनिज यांची गल्लत थांबवावी.

आता खरी गंमत. स्फट् म्हणजे फुटणं, चिरणं. त्यावरून आपलं फाटणं, आणि स्फुट् वरून फुटणं. मराठीने या जोडीत फार बारीक भेद राखलाय. कापड फाटतं, मडकं फुटतं. रेषेत जातं ते फाटणं, कसंही जातं ते फुटणं. भूशास्त्राला पाटन आणि भंजन असे दोन जड शब्द घडवावे लागले, तो भेद आपल्या आजीच्या बोलण्यात आयता होता! क्वार्ट्झला पाटन नाहीच म्हणा ना. तो शंखासारखा वळसेदार फुटतो. फेल्डस्पार फाटतो. मग स्फट् वरून आलेलं 'स्फटिक' हे नाव न फाटणाऱ्या क्वार्ट्झला का? माझ्या मते हे नाव आधी फाटणाऱ्या चकचकीत दगडांचं सरसकट नाव असावं, आणि पुढे पारदर्शकतेच्या मोहाने एकट्या क्वार्ट्झने ते बळकावलं. कोशकार मंडळी हे मानत नाहीत. त्यांना स्फटिक म्हटलं की निर्मळपणाच दिसतो, उपमा वाचून वाचून डोळे तसे झालेत. त्यांच्यातल्या एकाने तरी दगडावर हातोडी मारून पाहिली असती!

जर्मन खाणवाल्यांनी मारली होती. पापुद्र्यांनी सुटणाऱ्या दगडाला ते 'श्पाट' म्हणत. त्याला 'फेल्ड', म्हणजे शेत किंवा माळ, जोडून फेल्डश्पाट झालं. इंग्रजीत श्पाटच्या जागी त्यांचा 'स्पार' बसला. श्पाट आणि स्फट् ऐकायला जुळे वाटतात, पण त्या ध्वनिसाम्यावर मी इमला बांधणार नाही. कल्पना तीच, एवढं मला पुरे आहे.

बाईंनी विचारलेलं नाही, पण वर्गात सांगा: 'फेल्सपार' लिहू नका. जर्मनमध्ये 'फेल्स' म्हणजे खडक, नाव त्यावरूनच असणार असं समजून इंग्रजीत लिहिणाऱ्या कुणीतरी मधला ड गाळला आणि आपण तो शब्द तसाच उतरवून घेतला.