कायदा आणि आपण : बहुमत असलं की कोणताही कायदा करता येतो का?

प्रश्न : विधानसभेत बहुमत असलेल्या सरकारला हवा तो कायदा करता येतो का? न्यायालयाने रद्द केलेला कायदा पुन्हा कसा येतो? (एक वाचक, दादर)

उत्तर : बहुमताने विधेयक मंजूर होतं. ते घटनेत बसतं की नाही, हे बहुमत ठरवत नाही. आधी विषय पाहा. संरक्षण, चलन केंद्राकडे. पोलीस, शेती राज्याकडे. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर दोघांचे कायदे एकमेकांना छेद देत असतील, तर एरवी केंद्राचा चालतो. त्यानंतर अनुच्छेद १३ : मूलभूत हक्कांवर घाला घालणारा कायदा तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे रद्दबातल. ‘तेवढ्यापुरता’ हा शब्द विसरू नका : जातो तो तेवढाच भाग, सगळा कायदा नव्हे.

डान्सबारचंच पाहा. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ घालून परमिट रूम, बिअर बारमधल्या नाचावर बंदी आली. ३३ब ने तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना सूट दिली. विषय राज्याच्याच अखत्यारीतला होता, चूक या भेदात झाली. तोच नाच साध्या बारमध्ये गुन्हा आणि मोठ्या हॉटेलात चालेल, हे समानतेत बसत नाही; शिवाय नर्तकींचा व्यवसायाचा हक्क गेला. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला.

दोष दूर करून नवा कायदा करता येतो. म्हणून २०१४ मध्ये हॉटेलांची सूट काढून बंदी परत आली. पण व्यवसायाच्या हक्काचा प्रश्न तसाच होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंदीला स्थगिती दिली. २०१६ च्या कायद्याने परवाना आणि अटी आणल्या. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या एकेक करून तपासल्या. शाळा, प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट गेली (मुंबईत अशी जागा मिळणार कुठे?), नाचाच्या जागेतला सीसीटीव्ही गेला; संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ मात्र राहिली.

आव्हान द्यायचं तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. ‘कायदा अन्यायाचा आहे’ एवढं लिहिलेल्या याचिका टिकत नाहीत. नेमकं कोणतं कलम, कोणत्या अनुच्छेदाविरुद्ध, तुम्हाला त्याची झळ कशी, हे मांडा. न्यायालय कायदा वैध धरूनच सुरुवात करतं. तो तसा नाही हे तुम्ही दाखवायचं.

प्रश्न : आधी केलेल्या कृत्याला नव्या कायद्याने शिक्षा होते का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नाही, अनुच्छेद २०(१). कृत्य करताना जो गुन्हा नव्हता त्याला शिक्षा नाही, आणि तेव्हा होती त्याहून जास्तही नाही. कर मात्र मागच्या तारखेपासून लावता येतो.