काउबॉयच्या गावातली भुते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पावसाळ्यात रात्री जेवणे आटोपली की आम्ही घरची मंडळी जुने, स्वस्तात काढलेले अमेरिकन काउबॉयपट पाहतो. त्यांतही भुताखेतांचे मिश्रण असलेले चित्रपट आम्हांला विशेष आवडतात. 1930 च्या सुमाराच्या चित्रपटांत भूत म्हणून वावरणारी व्यक्ती शेवटी काळा झगा पांघरलेला कुणी लबाड माणूस निघते, नंतरच्या चित्रपटांत मात्र भूत खरेच असते. हा बदल कशामुळे झाला? दुसरे असे, की आमच्या शेजारी आरवलीला वेतोबा आहे. रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरून त्याच्या चपला झिजतात, या श्रद्धेने त्याला मोठमोठ्या चपला वाहिल्या जातात. आमच्याकडे प्रत्येक अदृश्य शक्तीला अशी जागा आणि काम ठरलेले आहे. या चित्रपटांतली भुते मात्र कोठून तरी आल्यासारखी वाटतात. ते का?
— एक वाचक, शिरोडे, ता. वेंगुर्ले

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे निम्मे उत्तर आहे, असे मला वाटते, तरी क्रमाने पाहू.

आर्थिक मंदीच्या काळात अमेरिकेतील चित्रपटगृहे ओस पडू लागली, तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत तेथे रूढ झाली. मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नात निर्मात्याला टक्केवारीने वाटा मिळे, परंतु जोडीच्या दुय्यम चित्रपटासाठी चित्रपटगृहे ठरावीक भाडेच देत. चित्रपट कितीही चांगला झाला तरी मिळकत वाढणार नाही, हे आधीच ठाऊक असल्यामुळे तो तासाभराचा ठेवायचा, थोड्या दिवसांत संपवायचा आणि जुन्या चित्रपटांतील दृश्ये वापरता आली तर तीही वापरायची, असा शिरस्ता पडला. 1932 सालचा ‘हॉन्टेड गोल्ड’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तरुण जॉन वेनचा हा चित्रपट वॉर्नरसारख्या मोठ्या कंपनीचा असूनही केन मेनार्डच्या 1928 सालच्या ‘द फँटम सिटी’ या मूकपटाची नवी आवृत्ती म्हणून काढलेला आहे, आणि घोडदौडीची काही दृश्ये त्या मूकपटातूनच उचललेली आहेत.

ओसाड गाव, बंद पडलेली सोन्याची खाण आणि तिच्यात वावरणारी झगेवाली आकृती हे त्यातले साहित्य पुढे अनेकांनी वापरले. भूत खोटे ठरवण्याची प्रथा मात्र काउबॉयपटांनी निर्माण केलेली नाही. 1920 च्या दशकातील अमेरिकन रहस्यनाट्यांत आणि मूकपटांत अद्भुताचा उलगडा शेवटी माणसाच्या कारस्थानात करण्याचा संकेतच होता, आणि रक्तपिपासू खराखुरा असतो असे मानणारा ‘ड्रॅक्युला’ हॉलिवूडने 1931 साली काढला, तेव्हा ते धाडसच होते. काउबॉयपटांचा प्रेक्षक प्रामुख्याने लहान गावांतला आणि शनिवारी दुपारच्या खेळाला येणारा बालवर्ग होता. त्यांचा नायक ठोसे लगावून आणि दोर फेकून न्याय करी. ज्याला ठोसा लागत नाही आणि ज्याला बांधून शेरीफच्या ताब्यात देता येत नाही, असा शत्रू त्या नायकाच्या काही उपयोगाचा नव्हता. म्हणून भुताचा झगा शेवटी उतरवणे भाग पडे.

बदल झाला तो 1950 च्या दशकाच्या अखेरीस. युनिव्हर्सल कंपनीचे जुने भयपट 1957 पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर दिसू लागले, पाठोपाठ इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा रंगीत ‘ड्रॅक्युला’ 1958 साली आला, आणि भीतीच्या चित्रपटांना तरुणांचा मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. त्याच वेळी काउबॉयच्या मालिका घरोघरी फुकट दिसत असल्याने चित्रपटगृहात जाऊन तेच पाहायला कुणी पैसे मोजीना. दोन्ही प्रकार एकत्र करण्याची कल्पना अशा व्यापारी निकडीतून आली, याबद्दल मला शंका नाही. परंतु तिच्यातून एक उत्तम चित्रपट निर्माण झाला, तो म्हणजे एडवर्ड डीनने दिग्दर्शित केलेला 1959 सालचा कृष्णधवल ‘कर्स ऑफ द अनडेड’. मायकेल पेटने रंगवलेला त्यातला काळ्या पोशाखाचा भाडोत्री बंदूकबाज जमिनीच्या तंट्यात एका स्त्रीच्या बाजूने उभा राहतो, त्याला गोळी लागते, तरी तो पडत नाही. पूर्वायुष्यात त्याने पत्नीच्या मोहात पडलेल्या सख्ख्या भावाला ठार मारून मग आत्महत्या केलेली असते, आणि त्या पापामुळे त्याला मरण नाही. त्याच्यासमोर उभा आहे गावचा धर्मोपदेशक, ज्याला अखेरीस बारीकसा क्रूस बसवलेली गोळी पिस्तुलात भरावी लागते. वेगवान पिस्तुलाचा जो निवाडा काउबॉयपटात अंतिम मानला जातो तोच येथे निकामी ठरतो, आणि त्यामुळे गाव खऱ्या अर्थाने असहाय होते. हा चित्रपट जरूर पाहावा, आणि शक्य तर एकट्याने पाहावा.

आता तुमच्या वेतोबाकडे येतो. कोकणातल्या गावात ग्रामदेवता असते, सीमेवर राखणदार असतो, देवचाराची जागा सगळ्यांना ठाऊक असते आणि वर्षातून ठरलेल्या दिवशी गाऱ्हाणे घालून त्या सगळ्यांना नावानिशी बोलावले जाते. हे शेकडो वर्षे एकाच मातीत राहिलेल्या समाजाचे अद्भुत आहे. काउबॉयपटातले गाव मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उभे राहिलेले असते, त्याच्या स्मशानात पहिलीच पिढी पुरलेली असते, आणि ज्या लोकांचे पूर्वज त्या डोंगरांत नांदत होते त्यांना तर तेथून हुसकून लावलेले असते. अशा गावात भूत यावे तरी कोठून? पटकथाकारांसमोर तीनच वाटा होत्या. एक म्हणजे ते युरोपातून आणणे, दुसरी म्हणजे मूळ रहिवाशांच्या किंवा मेक्सिकोच्या शापाचा आधार घेणे, आणि तिसरी म्हणजे गावाने स्वतः केलेल्या एखाद्या दुष्कृत्यातून ते उठवणे.

पहिल्या वाटेने गेलेले दोन चित्रपट विल्यम बोडीनने दिग्दर्शित केले, ते 1966 साली जोडीने प्रदर्शित झाले. ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’मध्ये जॉन कॅरडीनचा ड्रॅक्युला घोडागाडीतून प्रवास करीत एका मुलीचा मामा बनून तिच्या घरात शिरतो. ‘जेसी जेम्स मीट्स फ्रँकेन्स्टाइन्स डॉटर’मधली विदुषी वादळी विजांच्या शोधात अमेरिकेच्या नैर्ऋत्येला येऊन राहिलेली असते, आणि कथेप्रमाणे ती फ्रँकेन्स्टाइनची मुलगी नसून नात आहे. मूकपटांच्या काळापासून शेकडो चित्रपट हातावेगळे केलेल्या बोडीनचे हे शेवटचे कथापट होत. त्यांत भीती जवळजवळ नाही, कारण बाहेरून आलेल्या या पाहुण्यांचा त्या गावाशी कसलाच हिशेब नसतो. तुम्हांला जाणवलेले उपरेपण ते हेच. दुसऱ्या वाटेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिच्यात मूळ रहिवाशांचे चित्रण बहुधा भीतीपुरतेच उरते, आणि ते आज पाहवत नाही.

तिसरी वाट सर्वांत समृद्ध आहे, आणि ती अमेरिकनांपेक्षा इटालियनांनी अधिक चांगली ओळखली. सर्जियो गारोनेच्या 1969 सालच्या ‘जँगो इल बास्तार्दो’मध्ये अँथनी स्टेफनने साकारलेला अनोळखी स्वार जिवंत माणसांच्या नावाचे क्रूस त्यांच्या दारात रोवतो. यादवी युद्धात आपल्याच तुकडीचा घात केलेल्या अधिकाऱ्यांचा तो माग काढीत असतो, आणि तो वाचलेला सैनिक आहे की मेलेला, याचे उत्तर चित्रपट पक्केपणाने देत नाही. अंतोनियो मार्गेरितीच्या ‘ए दियो दिस्से आ काइनो’ या 1970 सालच्या चित्रपटात क्लाउस किन्स्कीचा नायक हाडामांसाचा कैदीच आहे, दहा वर्षांची सक्तमजुरी भोगून सुटलेला. परंतु वादळाच्या एका रात्रीत, घोंघावणारा वारा आणि चर्चच्या घंटेचा नाद यांच्या आधारे, दिग्दर्शक त्याला भूत म्हणूनच वावरू देतो. मार्गेरितीने आधी भयपट काढले होते आणि त्याचा हात येथे प्रत्येक प्रसंगात दिसतो. मोठ्या कंपनीने हीच वाट घेतली ती क्लिंट ईस्टवुडच्या 1973 सालच्या ‘हाय प्लेन्स ड्रिफ्टर’मध्ये. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराच्या काठी उभारलेल्या त्या गावाने आपल्या मार्शलला चाबकाने मारताना मुकाट पाहिलेले असते, आणि त्याच्या थडग्यावर नावही कोरलेले नसते. या तिन्ही चित्रपटांत भूत उपरे वाटत नाही, कारण ते गावाचेच देणे वसूल करायला आलेले असते. राखणदार गावाचे रक्षण करतो आणि हे स्वार गावाची झडती घेतात, एवढाच काय तो भेद. गावाशी नाते दोघांचेही आहे.

प्रश्न : ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’मध्ये ड्रॅक्युला भर उन्हात हिंडताना दिसतो आणि पात्रे मात्र रात्र असल्याचे बोलतात. ही चूक दिग्दर्शकाची म्हणावी काय?
— एक वाचक, दापोली

उत्तर : रात्रीच्या चित्रीकरणाला मोठे दिवे, वीज निर्माण करणारी यंत्रे आणि कामगारांचा जादा मेहनताना लागतो. आठवडाभरात चित्रपट संपवणाऱ्या निर्मात्याला हे परवडत नसे, म्हणून दिवसा चित्रीकरण करून त्याला रात्रीचे रूप दिले जाई. कृष्णधवल फिल्मवर लाल गाळणी वापरली की निळे आकाश काळपट उतरते, आणि एकूण प्रकाश कमी घेतला की ते चांदणे वाटते. रंगीत फिल्मवर लाल गाळणीचा उपयोग नसतो. तेथे प्रकाश कमी घ्यायचा, चित्र निळसर करायचे, सूर्य पात्रांच्या पाठीमागे ठेवायचा आणि आकाश चौकटीबाहेर ठेवायचे, एवढेच करता येते. घाईत हे पथ्य सुटते आणि जमिनीवरच्या ठसठशीत सावल्या दुपार उघडी पाडतात. शिवाय दूरचित्रवाणीसाठी किंवा चित्रफितींसाठी प्रत काढताना ही मुद्दाम काळोखी ठेवलेली दृश्ये अनेकदा उजळून टाकली जातात, तेव्हा सगळा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारू नये.

प्रश्न : हे जुने चित्रपट शाळकरी मुलांना दाखवावेत का?
— एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : निवडून आणि सोबत बसून दाखवावेत. जीन ऑट्रीची ‘द फँटम एम्पायर’ ही 1935 सालची बारा भागांची चित्रमालिका मुलांना फार आवडेल. तीत जमिनीखालच्या प्रगत राज्यात सापडलेल्या गायक नायकाला रोजच्या रेडिओ कार्यक्रमासाठी वेळेवर परत वर यावे लागते. ‘हॉन्टेड गोल्ड’ दाखवायचा असेल तर त्यातील कृष्णवर्णीय सोबत्याला केवळ भित्रा म्हणून हसण्यावारी नेले आहे, हे अन्यायाचे आहे असे मुलांना स्पष्ट सांगावे. इटालियन चित्रपट मोठ्यांसाठीच ठेवावेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. मित्रांसह अगदी थोड्या पैशांत, आमच्या गावातच, एक भुताचा लघुपट करायचा आहे. या चित्रपटांतून काय घेता येईल?
— एक विद्यार्थी, कुडाळ

उत्तर : त्यांची टोपी, घोडा आणि पिस्तूल घेऊ नका, त्यांची काटकसर घ्या. ओसाड गावाचा देखावा उभारायला त्यांना खर्च येई, तुमच्याकडे चाकरमान्यांची वर्षभर कुलुपात राहणारी चिऱ्याची घरे आहेत आणि मैलोन्‌मैल पसरलेले कातळाचे सडे आहेत. कथेसाठी भूत आधी शोधू नका. आधी अन्याय शोधा. सामाईक घराच्या वाटणीत एखाद्या विधवेचे नाव सातबाऱ्यावरून कसे गेले, विहिरीच्या पाण्यावरून दोन घरांत काय घडले, अशा गोष्टी प्रत्येक वाडीत आहेत. ज्यांनी तो अन्याय पाहिला आणि जे गप्प राहिले, त्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा ठेवा. गावातल्या कुणाची ओळख पटेल असे मात्र काही ठेवू नका.

भूत शक्यतो दाखवू नये. मार्गेरितीने वारा आणि घंटा यांवर जे साधले ते तुम्हांला समुद्राची गाज, माडांच्या झावळ्यांची सळसळ आणि पागोळ्यांचा आवाज यांवर साधता येईल, मात्र हे ध्वनी वेगळे आणि स्वच्छ मुद्रित करा, कारण नवख्यांचे लघुपट चित्रापेक्षा आवाजात अधिक पडतात. सड्यावर दिवसाची रात्र करायला जाऊ नका. तेथे आकाश चौकटीबाहेर ठेवता येत नाही. त्याऐवजी सूर्यास्तानंतर उजेड जाण्यापूर्वीची मोजकी मिनिटे धरा, तालीम दुपारीच उरकून ठेवा आणि रोज एकच दृश्य घ्या.

नटांसाठी दूर जाण्याची गरज नाही. तुमच्या तालुक्यातले दशावतारी कलावंत लिखित संहितेशिवाय रात्रभर प्रसंग रंगवतात आणि संवाद जागच्या जागी रचतात. त्यांना प्रसंग समजावून सांगा, वाक्ये पाठ करायला देऊ नका. एक सूचना तेवढी करावी लागेल : रंगमंचावर त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो, कॅमेऱ्यासमोर तोच आवाज शेजारच्या माणसाशी बोलण्याइतका उतरवावा लागतो, आणि ती सवय होण्यासाठी दोन-तीन दिवसांची तालीम हाताशी ठेवा. जत्रांचा हंगाम सुरू झाला की त्यांना उसंत नसते, त्यामुळे चित्रीकरण दिवाळीपूर्वीच संपवावे.