मोल, पण कशाचा?

खानदेशातल्या वाचकांची चार पत्रे या वेळी घेतली आहेत. चौघांचे काम वेगळे, पण अडचण एकच आहे: मोल (रसायनशास्त्रात कणांची संख्या मोजायचे एकक) मोजला, पण कोणत्या कणाचा ते ठरवले नाही.

प्रश्न : एक मोल ऑक्सिजन म्हणजे किती ग्रॅम? वर्गात ३२ सांगतात, काही गणितांत १६ घेतलेले दिसते. आणि ग्रॅम असताना मोल हवाच कशाला? (अकरावीची विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ. रासायनिक अभिक्रिया वजनावर चालत नाही, कणांच्या संख्येवर चालते. मॅग्नेशियमचे २ अणू ऑक्सिजनच्या १ रेणूशी जुळतात. पण अणू मोजता येत नाहीत, म्हणून ते तोलून मोजायचे. घरात बियाणे असेल तर लगेच समजेल. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ३० ग्रॅम भरते, तिळाच्या हजार दाण्यांचे साधारण ३ ग्रॅम. दोन्हींचे सारखेच दाणे हवे असतील तर ३० किलो ज्वारीला ३ किलो तीळ तोलायचे, दाणे मोजत बसायचे नाही. त्याच न्यायाने १२ ग्रॅम कार्बन आणि २४ ग्रॅम मॅग्नेशियम यांत अणूंची संख्या सारखीच असते. त्या संख्येएवढे कण म्हणजे एक मोल.

ती संख्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. १९७१ पासून व्याख्या ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंइतके कण’ अशी होती. २० मे २०१९ पासून संख्याच नेमकी ठरवून दिली आहे. तुमच्या गणितांत त्याने काही बदलत नाही.

आता १६ की ३२? दोन्ही बरोबर. ऑक्सिजनच्या अणूंचा एक मोल १६ ग्रॅम, रेणूंचा ३२ ग्रॅम. नुसते ‘एक मोल ऑक्सिजन’ हे अर्धवट वाक्य आहे. कण कोणता ते सांगितलेच पाहिजे, असे मोलची व्याख्याच बजावते. हवेतल्या ऑक्सिजनची अभिक्रिया असेल तर रेणू घ्या: ४८ ग्रॅम मॅग्नेशियमला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. एखाद्या संयुगात ऑक्सिजन किती, असे विचारले असेल तर अणू घ्या.

प्रश्न : ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्लाचे २५० मिलि द्रावण करायचे आहे. जुन्या वहीत १.५७५ ग्रॅम लिहिले आहे, पुस्तकात ३.१५, आणि हिशेब करून पाहिला तर २.२५ येतात. नेमके किती घ्यायचे? (प्रयोगशाळा सहायक, कनिष्ठ महाविद्यालय, धुळे)

उत्तर : ३.१५ ग्रॅम. बाटलीतल्या स्फटिकांत आम्लाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. म्हणून मोलचे वजन ९० नव्हे, ९० अधिक ३६, म्हणजे १२६ ग्रॅम. ०.१ मोलर म्हणजे लिटरमागे ०.१ मोल, म्हणून २५० मिलिला ०.०२५ मोल लागतात. १२६ ने गुणले की ३.१५. तुमच्या हिशेबात पाणी सुटले. तेवढेच, म्हणजे २.२५ ग्रॅम स्फटिक घेतले तर द्रावण ०.०७१ मोलर होते, जवळपास २९ टक्के कमी. मग वर्गातल्या सगळ्यांची वाचने एकसारखीच चुकतात आणि दोष बिचाऱ्या ब्युरेटवर जातो.

जुन्या वहीतला आकडाही खोटा नाही, तो एन/१० (०.१ नॉर्मल) द्रावणाचा आहे: लिटरमागे ०.१ सममूल्यभार, म्हणजे एका हायड्रोजनमागे येणारे आम्लाचे वजन, या मापाने. हे आम्ल दोन हायड्रोजन देते, त्यामुळे त्याचा सममूल्यभार १२६ च्या निम्मा, ६३. नॉर्मॅलिटीची वही आणि मोलॅरिटीचे पुस्तक एकत्र चालवू नका. बाटलीच्या चिठ्ठीवर ‘मोलर’ हा शब्द पूर्ण लिहा.

कृतीत तीन ठिकाणी घोटाळा होतो. तोललेले आम्ल चंचुपात्रात थोड्या कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, मग नरसाळ्यातून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. चंचुपात्र आणि नरसाळे दोन-तीनदा धुऊन तेही पाणी फ्लास्कमध्येच जाऊ द्या. इथे आळस केला की द्रावण पातळ होते. दुसरे, द्रावण निवल्यावरच खुणेपर्यंत पाणी भरा. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असा आकडा छापलेला असतो. मे महिन्यात तुमच्याकडे पाणीच चाळिशीला टेकलेले असते. ४० अंशांना खुणेपर्यंत भरलेले २५० मिलि द्रावण २७ अंशांना साधारण १ मिलिने आकसते. त्याच दिवशी, त्याच उष्णतेत वापरले तर फारसे बिघडत नाही. ठेवून वापरायचे असेल तर सकाळी करा. तिसरे, कोरड्या उन्हाळी हवेत उघड्या राहिलेल्या बाटलीतले स्फटिक पाणी सोडून पांढरे, भुकटीसारखे होतात. त्यांचे ३.१५ ग्रॅम घेतले तर द्रावण उलट तीव्र होते. असा माल प्रमाण द्रावणाला वापरू नका.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या अनुमापनात १ मोल आम्लाला २ मोल अल्क लागतो. १० मिलि आम्लाला ०.१ मोलर अल्क २० मिलि लागला तर दचकू नका, तसेच यायला हवे.

प्रश्न : वायूच्या एका मोलचे आकारमान २२.४ लिटर की २२.७? (‘नीट’ची तयारी करणारा विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर : ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला २२.४, ० अंश आणि १ बार दाबाला २२.७. प्रमाण दाब १९८२ मध्ये बदलला, पण जुनी गणिते तशीच छापली जातात. प्रश्नात दाब दिला असेल तर तोच घ्या. भुसावळच्या ४२ अंशांत, दाब १ ॲटमॉस्फिअर धरला तर तोच मोल सुमारे २५.९ लिटर जागा घेईल. आणि पाण्याला २२.४ लावू नका. ते त्या तापमानाला वायू नाही. त्याचा मोल १८ मिलित मावतो.

प्रश्न : युरियावर ४६ आणि डीएपीवरही ४६ लिहिलेले असते. दोन्ही ४६ सारखेच का? आणि युरिया नसेल तेव्हा अमोनियम सल्फेट किती टाकायचे? (केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : सारखे नाहीत, भाऊ. युरियाचे ४६ म्हणजे खरोखरच शंभर किलोत ४६ किलो नत्र. त्याचा मोल ६० ग्रॅमचा, त्यात नत्राचे दोन अणू, म्हणजे २८ ग्रॅम. शुद्ध युरियात हे ४६.७ टक्के होते.

डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेटच्या) १८:४६:० (नत्र, स्फुरद, पालाश) मधले ४६ हे स्फुरद (फॉस्फरस) पेंटॉक्साइड या रूपात मोजलेले असते. तो पदार्थ गोणीत नसतोच, ती हिशेबाची जुनी पद्धत आहे. त्याच्या १४२ ग्रॅममध्ये फॉस्फरस ६२ ग्रॅम, म्हणून शंभर किलो डीएपीत मूळ फॉस्फरस सुमारे २० किलोच. पोटॅशचेही तसेच: म्युरेट ऑफ पोटॅशच्या ६० टक्क्यांत मूळ पोटॅशियम सुमारे ५० टक्के.

अमोनियम सल्फेटचा मोल १३२ ग्रॅम, पण नत्राचे अणू त्यातही दोनच. म्हणजे ६० किलो युरियाचे काम १३२ किलो सल्फेट करते. गोणीवरच्या टक्केवारीने पाहिले तर ४५ किलोच्या एका युरिया गोणीत २०.७ किलो नत्र. तेवढ्यासाठी साधारण १०० किलो सल्फेट लागेल, आणि त्यासोबत सुमारे २४ किलो गंधकही जाईल. ते खत जमीन आम्लाकडे नेते. रावेरच्या चुनखडीच्या जमिनीत ते बहुधा चालून जाते, तरी माती परीक्षणात सामू (पीएच) पाहून घ्या.

केळीच्या शिफारशीत दर झाडाला ग्रॅममध्ये दिलेले स्फुरद आणि पालाश याच जुन्या, ऑक्साइडच्या रूपात असतात. म्हणून ड्रिपचा हिशेब करताना गोणीवरचा आकडा जसाच्या तसा वापरा. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र काही वेळा मूळ फॉस्फरस आणि पोटॅशियम देतो. तेव्हा फॉस्फरसला २.२९ ने आणि पोटॅशियमला १.२ ने गुणून मगच शिफारशीशी ताडा.